टायमिंग बेल्ट, कॅमशाफ्ट आणि घरची शेड

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची स्कोडा लॉरा १.९ टीडीआय आहे. गाडी १ लाख ६० हजार किलोमीटर चालली असून टायमिंग बेल्ट ८० हजारांच्या सुमारास एकदाच बदलला आहे. गेल्या काही महिन्यांपासून सकाळी थंड इंजिन सुरू केले की हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) टकटक ऐकू येते आणि घाट चढताना गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. गॅरेजवाल्यांनी कॅमशाफ्ट गेल्याचे सांगून मोठा खर्च कळवला आहे. क्लच प्लेट आणि पुढचे सस्पेन्शन मी स्वतः बदललेले आहे. घरामागे पक्की शेड, चेन ब्लॉक आणि टॉर्क रेंच आहे. बेल्ट आणि कॅमशाफ्ट ही दोन्ही कामे घरी करणे शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बेल्टचे काम आपण घरी करू शकाल. कॅमशाफ्टचे करावे की नाही, हे मात्र आपल्याकडे डायल गेज (अगदी बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापक) आहे का आणि ते वाचण्याचा हाताला सराव आहे का, यावर ठरेल. गॅरेजच्या बिलात ही दोन कामे एकाखाली एक लिहिलेली असतात, त्यामुळे ती सारख्याच अवघडपणाची वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या कामाला शिस्त पुरते, दुसऱ्याला शिस्तीबरोबर मोजमापही लागते.

त्याआधी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, खरोखर गेला आहे का, ते स्वतः पाहा. केवळ आवाजावरून कॅमशाफ्टचा निकाल लावू नये, कारण थंड इंजिनातील टकटक हायड्रॉलिक टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, ऑइल भरून उंची राखणाऱ्या वाटीची) असू शकते आणि ओढ कमी होण्यामागे टर्बोची फाटलेली होजही असू शकते. व्हॉल्व्ह कव्हर काढण्यासाठी बेल्ट सोडावा लागत नाही. कव्हर निघाल्यावर क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मधल्या बोल्टवर १९ मिलिमीटरचे बाराकोनी सॉकेट लावून इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हळूहळू फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात एकेक लोब (कॅमशाफ्टवरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा) वर येताना न्याहाळा. चांगल्या लोबवर संपूर्ण रुंदीभर सारखी, गुळगुळीत चमक असते. झिजलेल्या लोबचे टोक बसके होते, त्याच्या एका कडेला उतार पडतो, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात आणि कडेवरून नख फिरवले तर धार लागते. त्याखालच्या टॅपेटचा माथा मध्यभागी खोलगट झालेला असतो. दुर्लक्ष फार झाले असेल, तर तिथे आरपार भोकही पडलेले सापडते. यांपैकी काहीच दिसले नाही, तर कॅमशाफ्टचा खर्च तूर्त बाजूला ठेवा आणि ओढ का कमी झाली, ते दुसरीकडे शोधा.

या इंजिनात ही झीज का होते, ते समजून घेतले तर पुढची खरेदी नीट होईल. आपल्या गाडीतील १.९ लिटरचे इंजिन पंप-इंजेक्टर पद्धतीचे आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच पंपाचे काम करतो आणि त्याला दाबणारा वेगळा लोब त्याच कॅमशाफ्टवर असतो. आठ व्हॉल्व्हचे आठ आणि इंजेक्टरचे चार अशा बारा लोबना त्याच लांबीत बसवायचे, तर व्हॉल्व्हच्या लोबना रुंदी कमी मिळते. इंजेक्टरमधला दाब २००० बारच्या घरात जात असल्याने शाफ्टवरचा भारही मोठा असतो. म्हणून कंपनीने या इंजिनांसाठी ५०५.०१ हे ऑइलचे वेगळे मानक ठरवले होते. आपल्याकडे डिझेल म्हटले की दुकानातून मिळेल ते ‘डिझेलचे ऑइल’ ओतण्याची पद्धत आहे, आणि वॉरंटी संपल्यावर बाहेर सर्व्हिसिंग झालेल्या गाड्यांचे कॅमशाफ्ट त्यामुळे लवकर झिजतात. नवा शाफ्ट बसवून पुन्हा तेच ऑइल घालायचे असेल, तर हा खटाटोप न केलेला बरा.

आता बेल्टकडे वळू. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि हे नाते केवळ या बेल्टच्या दातांवर टिकून असते. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळजवळ उरत नाही; बेल्ट तुटला किंवा काही दाते सरकला, तर उघडा असलेला व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतो. त्यामुळे बेल्ट एकट्याने घेऊ नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली), वॉटर पंप आणि एकदाच वापरायचे बोल्ट असा पूर्ण संच घ्या. काँटिनेंटल, गेट्स, डेको आणि आयएनए यांचे संच या इंजिनासाठी मिळतात. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, आणि जुन्या पंपाचे बेअरिंग वर्षभरात गेले तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर खरेदी करणार असाल, तर पक्के बिल घ्या आणि खोक्यावरचा व बेल्टच्या पाठीवरचा क्रमांक जुळतो का, ते दुकानातच पाहा. इंजिनाचा कोड डिकीत स्टेपनीच्या खळग्यातील स्टिकरवर असतो. दुकानदाराला गाडीचे साल सांगण्यापेक्षा तो कोड सांगावा.

दोन लॉक आणल्याशिवाय कामाला हात लावू नका. एक क्रँकच्या दातेरी चकतीचे आणि दुसरे कॅमच्या हबमध्ये घालायची पिन. क्रँकची चकती या इंजिनांवर दोन प्रकारची आली : आधीच्या इंजिनांवर गोल, नंतरच्यांवर किंचित लंबगोल. गोल चकतीला टी १००५० आणि लंबगोल चकतीला टी १०१०० हे लॉक लागते, आणि एकाचे दुसऱ्यावर बसत नाही. २००८ च्या गाडीला बहुधा टी १०१०० लागेल, तरी लॉक मागवण्यापूर्वी चकती डोळ्यांनी पाहून खात्री करा. लॉकऐवजी पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट बदलण्याची रीत पुष्कळ मिस्त्रींकडे आहे आणि साध्या पेट्रोल इंजिनांवर ती चालूनही जाते. इथे कॅमच्या स्थानावर व्हॉल्व्हबरोबर इंजेक्शनची वेळही अवलंबून असल्याने रंगाच्या रेघेची जाडीसुद्धा चूक ठरू शकते.

बॅटरी सोडून, पुढचे उजवे चाक काढून गाडी स्टँडवर घ्या. केवळ जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालू नका. उजवीकडचे इंजिन माउंटिंग काढावे लागते, त्यामुळे इंजिनाला आधी आधार हवा. आपल्याकडे चेन ब्लॉक आहे, तो वरून लावणे सर्वांत चांगले, कारण खालून जॅक लावताना लाकडी फळी सरकली तर अॅल्युमिनियमचा संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) चिरतो. बाहेरची मोठी पुली चार अॅलन बोल्टनी बसवलेली असते. तेवढेच चार सोडायचे, मधल्या बोल्टला हात लावायचा नाही. मग इंजिन हाताने फिरवून पहिला सिलिंडर वरच्या बिंदूवर आणा. कॅमच्या चकतीमागच्या पत्र्यावर ‘४झेड’ अशी खूण आहे; हबवरची खाच तिच्यासमोर आली पाहिजे. ‘३झेड’ ही खूण तीन सिलिंडरच्या इंजिनाची असून ती शेजारीच असल्याने घाईत फसगत होते. या जागी पिन हबमधून हेडमध्ये आणि क्रँकचे लॉक समोरून सहज आत गेले पाहिजे. जोर लावावा लागत असेल, तर इंजिन एक फेरा पुढे किंवा थोडे अलीकडे आहे, असे समजा.

कॅमची दातेरी चकती आणि हब हे दोन वेगळे भाग आहेत आणि ते लांबट खाचांमधील तीन बोल्टनी जोडलेले असतात. हे तीन बोल्ट चकती खाचांमध्ये हलेल इतपतच ढिले करा, टेन्शनर सोडा आणि जुना बेल्ट काढा. आतल्या सीलभोवती ऑइलची ओल दिसली, तर सील आत्ताच बदला, कारण ऑइल किंवा कूलंट लागलेला बेल्ट फुगतो आणि त्याचे दाते मुळाशी सुटू लागतात. नवा बेल्ट दुमडू नका, आतून बाहेर उलटवू नका आणि स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवू नका; त्यातील काचतंतूंच्या दोऱ्या एकदा मोडल्या की वरून काहीच कळत नाही. टेन्शनर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून त्याचा काटा पुस्तिकेतल्या जागेवर आणा, नट २० न्यूटन मीटर आणि त्यानंतर ४५ अंश आवळा, आणि मग कॅमचे तीन बोल्ट २५ न्यूटन मीटरवर आवळा.

दोन्ही लॉक काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि लॉक पुन्हा बसतात का, ते पाहा. टेन्शनरचा काटाही जागेवर असला पाहिजे. फिरवताना कुठेही कठीण अडथळा जाणवला, तर तिथेच थांबा. कम्प्रेशनचा दाब हाताला मऊ लागतो आणि हळूहळू ओसरतो, पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह मात्र ठाम अडतो. हा फरक हाताला कळतो, स्टार्टर मोटरला कळत नाही. म्हणून हाताचे दोन फेरे झाल्याशिवाय चावी फिरवणे नाही. सगळे जुळल्यावर व्हीसीडीएस किंवा तत्सम स्कॅनर असलेल्या माणसाला बोलवा. गरम इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालू असताना स्कॅनरच्या ब्लॉक ००४ मध्ये टॉर्शन व्हॅल्यू, म्हणजे कॅम आणि क्रँक यांच्या जुळणीतला फरक, दिसते. ती शून्याच्या जितकी जवळ, तितके बरे. फार दूर असेल, तर तेच तीन बोल्ट ढिले करून हब किंचित सरकवून ती जुळवतात.

कॅमशाफ्ट बदलायचाच असेल, तर नवीन टॅपेट आणि बेअरिंगचे नवीन शेल त्याच्याबरोबरच घ्यावेत. जुन्या, खोलगट टॅपेटवर नवा लोब काही हजार किलोमीटरही नीट चालणार नाही. कामाचा क्रम असा : बेल्ट काढल्यानंतर टँडम पंप (डिझेल आणि व्हॅक्यूमचा जोडपंप) सोडणे, इंजेक्टर दाबणाऱ्या रॉकरचा शाफ्ट उतरवणे, मग बेअरिंगच्या टोप्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, सगळीकडे सारख्या, ढिल्या करणे. एकाच बाजूने सोडत गेलात, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या ताणाने शाफ्ट तिरका उचलला जातो आणि टोपीला चीर जाते. या टोप्या हेडबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात. त्यांचे क्रमांक आणि दिशा बदलता कामा नये, आणि एक टोपी फुटली म्हणून दुसऱ्या हेडची आणून बसवता येत नाही. बेल्ट नसताना कॅम फिरवण्याची वेळ आली, तर क्रँक आधी पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर राहतील.

नवे टॅपेट स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून ठेवा, लोबना भरपूर ऑइल लावा आणि पहिल्या सिलिंडरचे लोब वर येतील अशा बेताने शाफ्ट ठेवा. टोप्यांचे बोल्ट ८ न्यूटन मीटर आणि पुढे ९० अंश इतके आवळल्यावर अर्धा तास इंजिनाला हात लावू नये. नवे टॅपेट पूर्ण फुगलेले असतात आणि ते दबून आपल्या उंचीवर येईपर्यंत व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा खाली राहतात. त्या अवधीत क्रँक फिरवला, तर जी टक्कर टाळण्यासाठी एवढे कष्ट घेतले, तीच होते. गॅरेजमधल्या घाईत हा अर्धा तास बहुधा मिळत नाही, आणि घरी काम करण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

यापुढचा टप्पा म्हणजे इंजेक्टरच्या रॉकरची जुळणी, आणि त्यासाठीच मी सुरुवातीला डायल गेजची अट घातली. इंजेक्टरच्या समायोजन स्क्रूवर गेज टेकवून इंजिन फिरवायचे, रॉकर इंजेक्टरला जास्तीत जास्त दाबतो तो बिंदू गेजवर शोधायचा, तिथे स्क्रू टेकेपर्यंत आवळून आपल्या इंजिन कोडच्या पुस्तिकेत दिलेल्या अंशांनी मागे घ्यायचा आणि लॉकनट बसवायचा. असे चार वेळा करायचे असते. स्क्रू जास्त आत राहिला तर इंजेक्टर तळाला ठोकतो आणि तो तरी जातो, नाही तर रॉकर. गेज वापरण्याची सवय नसेल, तर सोडण्या-बसवण्याचे काम स्वतः करा आणि या जुळणीसाठी पंप-इंजेक्टरची सवय असलेला डिझेल मिस्त्री शेडवर बोलवा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. या गाड्यांची जुळणी आपल्याच राज्यात, औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होत असे, आणि त्या भागात या इंजिनाची माहिती असलेले हात अजूनही भेटतात.

जुना ऑइल फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याच्या घड्या उलगडून पाहा. झिजलेल्या लोबचा लोखंडी कीस तिथेच साठतो, आणि तो फार असेल, तर संप उतरवून गाळणी धुतल्याशिवाय नवा शाफ्ट चालवू नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला.

प्रश्न : माझी रेनो डस्टर १.६ पेट्रोल आहे. ओळखीच्या मेकॅनिकने बेल्ट काढण्यापूर्वी पुल्यांवर पांढऱ्या खुणा करून नवा बेल्ट बसवला. खुणा बरोबर जुळल्या होत्या, तरीही आता आयडल हलतो, गाडीत दम नाही आणि इंजिनाचा दिवा लागतो. खुणा जुळूनही टायमिंग चुकू शकते का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : चुकू शकते, आणि या इंजिनात ते अगदी सहज होते. बहुतेक इंजिनांत क्रँकची चकती शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या छोट्या धातूच्या तुकड्याने) अडकवलेली असते, त्यामुळे ती फिरली की शाफ्ट फिरलाच. आपल्या इंजिनात तिथे चावी नाही. पुलीचा बोल्ट आवळल्यावर निर्माण होणाऱ्या दाबानेच चकती शाफ्टला धरून राहते. बोल्ट सोडला की चकती आणि शाफ्ट यांचे नाते सुटते, आणि चकतीवरची पांढरी खूण पिस्टन कुठे आहे, हे सांगेनाशी होते.

गाडी चालवणे आजच बंद करा. जुळणी नव्याने करावी लागेल आणि ती शाफ्टवरूनच : दोन्ही कॅमशाफ्टच्या गिअरबॉक्सकडील टोकांना खाचा आहेत, त्या हेडच्या कडेच्या दोन प्लॅस्टिक टोप्या काढल्यावर दिसतात. त्या खाचांमध्ये बसणारी पट्टी आणि क्रँक वरच्या बिंदूवर अडवणारी पिन, अशी दोन हत्यारे लागतात. टोप्या काढताना फुटतात, म्हणून नव्या आणून ठेवा. चकती बसवण्यापूर्वी तिची आणि शाफ्टच्या टोकाची पृष्ठे तेलविरहित, कोरडी करावीत. तिथे ऑइलचा थर राहिला, तर पुरेसा आवळलेला बोल्टही चकती धरून ठेवणार नाही. हे हत्यार आपल्या मेकॅनिककडे नसेल, तर त्याला दोष न देता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी ओढून न्यावी. जुळणीनंतरही आयडल हलत राहिला, तर चारही सिलिंडरचे कम्प्रेशन मोजून घ्या, कारण मधल्या काळात एखादा व्हॉल्व्ह वाकला असण्याची शक्यता उरते.

प्रश्न : वडिलांची २००९ ची सँट्रो केवळ ३६ हजार किलोमीटर चालली आहे. बेल्ट मूळचाच आहे, वरचे कव्हर काढून पाहिले तर तो नवा वाटतो. बदलायलाच हवा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हवा, आणि लवकर. बेल्टचे आयुष्य किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींनी मोजतात, आणि ज्याची मर्यादा आधी संपेल ते धरतात. हल्लीच्या बेल्टचे रबर मरायला आल्यावरही वरून तडे दाखवत नाही. आतल्या दोऱ्या थकतात आणि दात्यांची मुळे ढिली होतात. कव्हर काढून पाहण्याचा उपयोग ऑइल गळतेय का आणि पार्किंगमधल्या उंदराने कड कुरतडली आहे का, एवढे समजण्यापुरताच. टेन्शनर आणि वॉटर पंपही तेवढेच जुने आहेत, तेही बदलावेत. लॉराच्या मानाने हे काम सोपे आहे, आणि घरी शिकायचे असेल, तर सुरुवात अशाच इंजिनावर करावी.

प्रश्न : माझ्या फोर्ड इकोस्पोर्टमध्ये १.० इकोबूस्ट इंजिन आहे. त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये चालतो, म्हणून तो कधीच बदलावा लागत नाही, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. युरोपात फोर्डने या इंजिनाच्या बेल्टसाठी १० वर्षे किंवा २ लाख ४० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल ते, अशी मर्यादा दिली होती. कंपनीने २०२१ मध्ये भारतातील कार उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि ही गाडी त्याआधी विकली गेली, हे लक्षात घेता यांतील पुष्कळ गाड्या वर्षांच्या मर्यादेला पोहोचल्या आहेत किंवा पोहोचत आहेत. नागपूरचा उन्हाळा आणि गर्दीतले कमी अंतराचे फेरे असतील, तर मी दहा वर्षांची वाट पाहणार नाही.

कोरड्या बेल्टला ऑइल मारते. या बेल्टचे रबर ऑइलसाठीच घडवलेले असले, तरी ऑइल चुकीचे किंवा जुने झालेले असेल, तर तेही मऊ पडून त्याचे कण सुटतात. ते कण संपमधल्या गाळणीत अडकले की ऑइलचा दाब घटतो, म्हणजे बेल्ट तुटण्याआधीच टर्बो आणि बेअरिंग जाऊ शकतात. फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी मानकाचे ५डब्ल्यू-२० ऑइलच घाला. हा बेल्ट घरी बदलण्याचा सल्ला मी देणार नाही : समोरचे संपूर्ण कव्हर सीलंटवर बसवलेले असते, क्रँकचा बोल्ट फार मोठ्या टॉर्कने आवळायचा असतो आणि विशेष लॉक नसतील तर जुळणी होत नाही. ज्याला काम द्याल, त्याला संप उतरवून गाळणी साफ करण्याचे आधीच सांगा आणि निघालेला बेल्ट व गाळणी स्वतः पाहून घ्या.